पाणी न वाहणारा पाईप

नेरुळ किंवा वाशीतल्या एखाद्या जुन्या वसाहतीच्या गच्चीवर उभे राहिले, की कठड्याच्या वर डोके काढून उभे असलेले पाईप दिसतात. प्रत्येकाच्या टोकावर छोटीशी टोपी किंवा जाळीचा फुगा असतो. हे पाईप कशासाठी, असे विद्यार्थ्यांना विचारून पाहा. पावसाचे पाणी खाली नेण्यासाठी, असे उत्तर बहुधा येईल. मग वर टोपी कशाला, असे विचारले की वर्ग विचारात पडतो. खरे पाहता या पाईपाच्या वरच्या भागातून पाण्याचा थेंबही वाहत नाही. तेथे फक्त हवा ये-जा करते. गवंडी आणि प्लंबर याला व्हेंट पाईप म्हणतात, आणि खेड्यापाड्यांत संडासाच्या टाकीवरच्या अशाच पाईपाला सरळ 'गॅस पाईप' म्हणतात. या रिकाम्या पाईपाचा जन्म एका चुकीच्या वैज्ञानिक सिद्धांतातून झाला. सिद्धांत गेला, पाईप मात्र राहिला. विज्ञानाच्या इतिहासात असे वरचेवर घडते, पण त्याचे उदाहरण शाळेच्या गच्चीवर सापडावे हे आम्हाला विशेष वाटते.

आधी व्हेंट पाईपाच्या थोरल्या भावंडाची ओळख करून घेऊ. संडासाच्या भांड्याखाली, बेसिनखाली आणि मोरीच्या जाळीखाली पाईप वाकवलेला असतो आणि त्या वळणात पाणी साठून राहते. हाच ट्रॅप. मोरीतल्या ट्रॅपला आपल्याकडचे प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात, आणि हा मराठी शब्द देशभरातील दुकानदारांच्या इंग्रजी यादीतही जाऊन बसला आहे. ट्रॅपमधले पाणी हेच झाकण. सांडपाणी त्यातून पुढे जाते, पण गटारातली हवा मागे येऊ शकत नाही. लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली आपल्या शौचकूपाचे पेटंट घेतले, त्यात असे वळण होते. युक्ती सोपी आणि स्वस्त होती. पुढची शंभर वर्षे मात्र ती वरचेवर फसत राहिली, आणि का फसते हे लोकांना उमगायला बराच काळ जावा लागला.

एकोणिसाव्या शतकातील युरोपात रोगाचे कारण म्हणून दुर्गंधीकडे बोट दाखवले जाई. कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारी दूषित हवा, तिला 'मायाझ्मा' म्हणत, हीच कॉलरा, विषमज्वर, घटसर्प यांचे मूळ, असे डॉक्टर आणि अभियंते मानत. जॉन स्नो याने १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे उदाहरण देऊन कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवले होते, पण त्याचे ऐकणारे थोडे होते. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली, की पार्लमेंटचे कामकाज चालवणे अवघड झाले. मग जोसेफ बाझलगेट याच्या आराखड्याप्रमाणे लंडनमध्ये प्रचंड भुयारी गटारे बांधण्यात आली. घरे गटारांना जोडली गेली आणि त्याबरोबर एक नवी भीती घरात शिरली. गटारातील हवेला आता दिवाणखान्यापर्यंत थेट वाट मिळाली होती.

या भीतीला १८७१ साली बळ मिळाले. इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, स्कारबरोतल्या एका उमरावाच्या घरी पाहुणा म्हणून राहून आला आणि विषमज्वराने मरणाच्या दारी पोचला. त्याच घरी उतरलेला अर्ल ऑफ चेस्टरफील्ड आणि युवराजाचा एक मोतद्दार दगावले. युवराज बचावला. वर्तमानपत्रांनी त्या घराच्या गटारांची चर्चा चालवली, आणि श्रीमंतांनी आपापल्या घरातील नळ उकरून तपासायला सुरुवात केली. वास्तविक विषमज्वराचे जंतू दूषित अन्नपाण्यातून जातात. कार्ल एबर्ट याला ते १८८० साली दिसले. पण तोपर्यंत गटारातील वायू घरात येऊ द्यायचा नाही, तो छपराच्या वर नेऊन सोडायचा, असा दंडक पडून गेला होता.

याच काळात काही चौकस प्लंबरांनी काचेच्या नळ्या लावून ट्रॅपचे निरीक्षण केले. लंडनच्या स्टीव्हन्स हेलियर याचे या विषयावरील पुस्तक १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना असे दिसले, की वरच्या मजल्यावर पाणी सोडले की खालच्या मजल्यावरील ट्रॅपमधले पाणी आपोआप शोषले जाते. भांडे फुटलेले नाही, सांधा गळत नाही, तरी झाकण नाहीसे! शाळेत शिकवतो तो सायफन घराच्या भिंतीत आपले काम करत होता.

येथे थोडे गणित करू. ट्रॅपमधील पाण्याची खोली साधारण ५० मिलिमीटर असते. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका. म्हणजे पाईपातील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा अवघा अर्धा टक्का कमी झाला, की ट्रॅप फुटतो. उभ्या पाईपात कोसळणारे पाणी गोळा होऊन मधोमध पडत नाही. ते पाईपाच्या आतल्या भिंतीला चिकटून, नळीच्या आत नळी असावी तसे उतरते, आणि मधल्या पोकळीतील हवेला ओढत नेते. ही हवा वरून भरून निघाली नाही, तर वरच्या भागात दाब घटतो आणि जवळचा ट्रॅप रिकामा होतो. तळाशी उलटा प्रकार होतो. पाणी आडव्या पाईपात वळताना अडते, त्याची उसळी होते, हवा कोंडते आणि तळमजल्यावरील नहाणी ट्रॅपमधून बुडबुडे येतात. 'वरच्यांनी फ्लश केले की आमच्या मोरीत गुडगुड होते' ही तळमजल्यावरची तक्रार म्हणजे वायुदाबाचा पाठच आहे. यावर उपाय एकच: पाईपाचे वरचे तोंड उघड्या हवेत ठेवायचे, आणि गरज असेल तेथे शेजारी दुसरी हवेची नळी जोडायची. मायाझ्माच्या भीतीने वर नेलेला पाईप आता दाबाचा समतोल राखण्यासाठी हवा झाला.

हा प्रयोग वर्गात सहज होतो. गवंड्यांकडे पाणसळ पाहायची पारदर्शक लेव्हल ट्यूब असते. तिचा मीटरभर लांबीचा तुकडा उभा बांधावा. वरच्या टोकाजवळ टी जोडून त्याच्या आडव्या तोंडाला इंग्रजी 'यू' आकारात वाकवलेला दुसरा तुकडा लावावा आणि त्यात थोडे पाणी ठेवावे. उभ्या नळीचे खालचे तोंड बोटाने बंद करून ती टीच्या जरा खालपर्यंत पाण्याने भरावी. मग वरचे तोंड बुचाने बंद करून खालचे बोट काढावे. 'यू'मधील पाणी ओढले जाईल. पुन्हा सर्व भरून, या वेळी वरचे तोंड उघडे ठेवून बोट काढावे. 'यू'मधले पाणी जागचे हलत नाही. मुलांना दुसऱ्या वेळेचे आश्चर्य अधिक वाटते, असा आमचा अनुभव आहे.

हे शास्त्र मुंबईत आले ते ब्रिटिश अभियंत्यांबरोबर. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. म्युनिसिपालिटीचे अभियंते हेक्टर टुलक यांनी १८७२ मध्ये शहराच्या मलनिःसारणावर मोठा अहवाल लिहिला. समुद्रसपाटीच्या जेमतेम वर असलेल्या शहरात उतार आणायचा कोठून, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. शेवटी मैला वरळीच्या लव्हग्रोव्हकडे नेऊन तेथून उपसून समुद्रात सोडण्याची योजना झाली. घरांच्या पाठीमागे मात्र फार काळ टोपल्यांचे संडास राहिले. दोन चाळींच्या मधल्या अरुंद घरगल्लीतून मैला उचलणारी माणसे जा-ये करत. पुढे फ्लशचे संडास आले तेव्हा पाईप त्याच घरगल्लीतून उतरले.

तेव्हा दोन पाईप टाकण्याची रीत रुजली. संडासाचा पाईप वेगळा, मोरी आणि बेसिनचा पाईप वेगळा. मोरीचे पाणी खाली गली ट्रॅपमध्ये उघड्यावर पडायचे, म्हणजे गटाराची हवा मोरीपर्यंत पोचणारच नाही. ही रीत इंग्रजांच्या दूषित हवेच्या धसक्यातून आलेली होती. आपल्याकडे मोरी आणि शौचकूप यांचा विटाळ आधीपासून वेगळा पाळला जात असल्याने ती सहज पचनी पडली असावी, असा आमचा कयास आहे.

१८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले, तेव्हाही अधिकाऱ्यांची नजर प्रथम गटारांकडेच वळली. समुद्राचे पाणी आणि कार्बॉलिक आम्ल गटारांतून सोडण्यात आले. प्लेगचा जंतू येर्सिन याने हाँगकाँगमध्ये १८९४ सालीच ओळखला होता, आणि तो उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमोंद याने १८९८ मध्ये दाखवले. गटारे निर्दोष ठरली. तरीही १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने उजेड, हवा आणि निचरा यांचा आग्रह धरला, त्याचा मुंबईला फायदाच झाला.

आता खाडी ओलांडून नवी मुंबईत येऊ. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' मासिकातून खाडीपलीकडच्या नगराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. खाडीकाठची पुष्कळशी जमीन भरतीच्या पातळीखालची. तेथे भराव, बंधारे आणि पावसाचे पाणी साठवणारे धारणतलाव करावे लागले. सांडपाणी उताराने गोळा करून पंपाने उचलायचे, म्हणजे टुलकसाहेबांचाच प्रश्न नव्या पत्त्यावर.

मधल्या काळात घरातल्या नळांचे शास्त्र पुढे गेले होते. महायुद्धानंतर ब्रिटनला लाखो स्वस्त घरे हवी होती. तेथील बिल्डिंग रिसर्च स्टेशनने १९५० च्या दशकात प्रयोग करून दाखवले, की पाईपाचा व्यास, जोडाचे कोन आणि ट्रॅपची खोली नीट ठरवली, तर संडास आणि मोरी मिळून एकच पाईप पुरतो आणि हवेसाठी निराळी नळीही लागत नाही. अट एवढीच, की पाण्याने पाईपाचा चौथा ते तिसरा हिस्साच व्यापावा आणि वरचे तोंड उघडे असावे. १९५९ मध्ये स्वित्झर्लंडमधील फ्रिट्झ सोमर याने पाणी आणि हवा यांचा मेळ घालणारा खास जोड काढला. रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने भारतीय घरांसाठी एकनळी पद्धतीचा अभ्यास केला. काटकसरीने घरे बांधू पाहणाऱ्या देशाला ही पद्धत सोयीची होती. पण पाईप वाचवला की उरलेल्या एका तोंडाचे महत्त्व दुप्पट होते, ही बाब घरमालकांपर्यंत फारशी पोचली नाही.

अमेरिकेत किंवा कॅनडात घरे लाकडी आणि थंडी कडाक्याची. तेथे हा पाईप भिंतीच्या आतून पोटमाळ्यात शिरतो आणि छपरातून बाहेर पडतो. पोटमाळ्यात तो आडवा न्यावा लागला तर त्याला खालच्या बाजूला उतार ठेवतात, कारण आतली दमट हवा थंड होऊन पाणी सुटते आणि ते परत गटारात गेले पाहिजे. मध्ये झोळ पडला तर तेथे पाणी साचते आणि हवेची वाट बंद. बर्फाने तोंड बुजू नये म्हणून छपराबाहेर पडण्यापूर्वी पाईप रुंद करतात. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून पाईप बाहेरच्या भिंतीवरून जातो. बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात सुमारे साडेपाचशे कुटुंबांसाठी बांधलेले आर्टिस्ट्स व्हिलेज पाहावे. आठ मीटर चौरस अंगणाभोवती सात-सात घरे, उतरती छपरे, आणि स्थानिक मिस्त्रीला बांधता येईल अशी रचना. कुटुंब वाढले की घर वाढवता यावे, ही कल्पना. घरे वाढलीही, बरीचशी मूळ कौले जाऊन सिमेंटचे मजले आले. अशा वाढत्या घरात पहिल्या छपराच्या वर आलेला पाईप उद्याच्या मजल्याच्या खिडकीपाशी येऊन ठेपतो, याचा विचार नवा मजला चढवताना करावाच लागतो.

पण नवी मुंबईचा खरा पोटमाळा कौलांखाली नाही. तो सपाट गच्चीवर आहे. कोकणचा पाऊस आणि गळका स्लॅब यांना कंटाळून गृहसंस्था गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घालतात. गळती थांबते, पण स्लॅब आणि पत्रा यांच्यामध्ये एक बंदिस्त पोकळी तयार होते. कठड्याच्या वर डोके काढून उभा असलेला पाईप आता पत्र्याखाली येतो. कित्येकदा पत्रा बसावा म्हणून तो कापून बुटका करतात, आणि वास येतो म्हणून वर प्लास्टिकची पिशवी बांधतात किंवा टोपण ठोकतात. एकनळी पद्धतीत हे म्हणजे आपल्या प्रयोगातील बूच. त्यानंतर वरच्या मजल्यावरील ट्रॅप रिकामे होतात, घरात वास येतो, आणि दोष बिचाऱ्या नहाणी ट्रॅपला दिला जातो. पिशवी न बांधता पाईप पत्र्याखाली उघडा ठेवला तर दाब सांभाळला जातो, पण वायू त्या पोकळीत कोंडतो, आणि तेथेच कपडे वाळत घातलेले असतात, मुले अभ्यासाला बसलेली असतात.

बरोबर काम अवघड नाही. पाईप सरळ पत्र्यातून वर न्यावा. भोक पन्हळीच्या खोलगट भागात न पाडता उंचवट्यावर पाडावे, म्हणजे पावसाचे पाणी तेथे साचत नाही. भोवती रबराची किंवा पत्र्याची झालर बसवून वरच्या बाजूची कड वरील पत्र्याखाली सारावी. आधारकमान आड आली तर काटकोनी एल्बो न वापरता पंचेचाळीस अंशाचे दोन बेंड घ्यावेत. तोंड शेजारच्या खिडकीपासून दूर असावे. सेप्टिक टँकबाबत महाराष्ट्रातील बांधकाम नियमावल्यांत स्पष्ट तरतूद आढळते: टाकी इमारतीपासून १५ मीटरच्या आत असेल तर तिचा वायूचा पाईप इमारतीच्या माथ्यापेक्षा २ मीटर उंच न्यावा आणि तोंडावर डासप्रतिबंधक जाळी असावी.

जाळीची कथा स्वतंत्र सांगण्यासारखी आहे. क्युलेक्स जातीचे डास, ज्यांच्यामार्फत हत्तीरोग पसरतो, संडासाच्या टाकीत वाढतात आणि उघड्या पाईपातून बाहेर पडतात. म्हणून आरोग्यसेवक गावोगाव गॅस पाईपाला नायलॉनची जाळी बांधायला सांगतात. १९७० च्या दशकात आजच्या झिंबाब्वेमध्ये पीटर मॉर्गन या शास्त्रज्ञाने खड्ड्याच्या संडासाला उंच पाईप आणि वर जाळी लावून पाहिली. अंधाऱ्या खड्ड्यातील माश्या वरच्या उजेडाकडे झेपावतात आणि जाळीखाली अडकून मरतात. पाईप नसलेल्या संडासातून ७८ दिवसांत १३,९५३ माश्या पकडल्या गेल्या, पाईप असलेल्यातून फक्त १४६.

गटाराची हवा रोग आणत नाही, असे विसाव्या शतकात मानले जाऊ लागले आणि ते बव्हंशी खरेही आहे. परंतु १९०७ मध्ये जिब्राल्टर येथे लष्करी डॉक्टर हॉरॉक्स यांनी सहज ओळखू येणारे जंतू नळात सोडून ते आतल्या हवेतही सापडतात हे दाखवले. बुडबुडे फुटताना सूक्ष्म थेंब उडतात. ही गोष्ट जवळजवळ विस्मरणात गेली होती. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्सची ३२१ माणसांना लागण झाली, ४२ जण दगावले. तपासात असे आढळले, की न्हाणीघरांच्या जमिनीतील अनेक ट्रॅप पाण्याअभावी कोरडे पडले होते, आणि न्हाणीघरातील पंखे मैल्याच्या पाईपातील दूषित थेंब खोलीत ओढून घेत होते. मे महिन्यात गावी जाताना घर बंद करणाऱ्यांनी ही घटना ध्यानात ठेवावी. परतल्यावर आधी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतावे, मग पंखा लावावा.

शेवटी गटाराच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. इंग्रज अभियंत्यांनी घर आणि सार्वजनिक गटार यांच्यामध्ये, कुंपणाजवळच्या शेवटच्या चेंबरमध्ये, आणखी एक ट्रॅप बसवायला लावला. गटाराची हवा घराच्या पाईपातही येऊ नये, हा हेतू. ब्रिटनमध्ये पुढे तो सरसकट बसवणे बंद झाले, आपल्याकडे तो पाठ्यपुस्तकांत आणि कित्येक वसाहतींत टिकून राहिला. याचा परिणाम असा, की जेथे तो असतो तेथे घरांचे उंच पाईप रस्त्याखालच्या गटाराला हवा देऊ शकत नाहीत. घराने स्वतःला वेगळे केले, आणि हायड्रोजन सल्फाइड गटारातच राहिला. हा वायू हवेपेक्षा जड. अगदी थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास नाक बधिर होऊन वास येईनासा होतो, आणि पाचशेच्या पुढे माणूस काही श्वासांत कोसळू शकतो. वास नाही म्हणजे वायू नाही, असे समजून आत उतरणाऱ्याला आणि त्याला वाचवायला मागोमाग उतरणाऱ्यालाही तो मारतो.

व्हेंट पाईप कितीही उत्तम असला तरी त्याने मॅनहोल किंवा सेप्टिक टँक माणसाने उतरण्याजोगे होत नाही. संरक्षक साधनांशिवाय कोणालाही आत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. सोसायटीच्या बैठकीत टाकी उपसण्याचा ठराव येतो तेव्हा माणूस आत उतरणार की यंत्र लावणार, हे कंत्राटाच्या कागदावर लिहून घेता येते. त्याच बैठकीत गच्चीवरील पत्र्याचा विषय असेल, तर पाईपाची उंचीही त्याच कागदावर येऊ शकते.